चाल कोणाची, मंडळी कोणाची



१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न. घरात पैसा कधी टिकलेला नाही, आलेला रुपया समोरच्या गरजवंताच्या हातावर ठेवायची जुनी खोड, आणि त्या खोडीचा ताळेबंद पत्नी लक्ष्मीबाईंनी जुळवायचा हाही जुनाच रिवाज. अशा माणसाने साताऱ्याला जाऊन संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला घेतला. दरबाराचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडं होतं, तसंच न घेतलेल्यांनाही होतं. मिशनच्या चौकटीत वाढलेल्या मंडळींना हे पचणं सोपं नव्हतं. टिळकांचा हिशेब मात्र सरळ होता. परक्यांच्या पगारावर जगणारा उपदेशक कितीही खरं बोलला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरते की हा बोलतोय की याचा पगार बोलतोय.

वरवर हा निर्णय पैशाचा वाटतो. पण त्याआधीची वीसेक वर्षं टिळक हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवू पाहत होते: ओवीत, अभंगात, कीर्तनात. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथलं चर्च परक्यांचं की इथल्या माणसांचं, हा सवाल धर्मसिद्धान्तांच्या सभांमध्ये फारसा सुटलेला नाही. तो सुटला चालीवर, वाद्यावर, उपासनेला बाकावर बसायचं की सतरंजीवर यावर, मरियेच्या अंगावर कोणतं वस्त्र असावं यावर. कला ही या मंडळींची हौस नव्हती. मालकी कोणाची, हे ठरवण्याची ती जागा होती.

गोव्यातल्या साष्टीत हे तीनशे वर्षं आधी घडून गेलं होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधला बराचसा काळ त्याने साष्टीत काढला. ही साष्टी काही शांत नव्हती. १५६७ च्या सुमारास तिथली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं आणि त्याची जबर किंमत त्या गावाने मोजली. अशा भूमीवर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' उभं राहिलं आणि १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र.

हा ग्रंथ का लिहिला, याचं कारण ग्रंथाच्या सुरुवातीलाच येतं. धर्मशिक्षण चाललेलं असताना एक नवख्रिस्ती उठतो आणि पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणं तुम्ही काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं पुराण का देत नाही? हा प्रसंग घडला तसाच लिहिला असेल किंवा रचला असेल. तरी स्टीफन्सने मागणी लोकांच्या तोंडी घातली, याला महत्त्व आहे. धर्म बदलला म्हणून ऐकण्याची सवय बदलत नाही, हे त्याला कळलं होतं. संध्याकाळी चारजणांनी एकत्र बसून काहीतरी लांबलचक, गेय आणि गोष्टीवेल्हाळ ऐकायचं, ही भूक प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाने भागणारी नव्हती. म्हणून त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली ओवी उचलली. मराठीची थोरवी गाताना तर तो असा रंगतो की हे लिहिणारा माणूस विल्टशायरमध्ये जन्मला यावर विश्वास बसू नये.

पुढची कहाणी उतरणीची आहे. देवनागरी खिळे नसल्याने पुस्तक रोमन लिपीत छापावं लागलं. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, शेवटची १६५४ मध्ये. त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचं फर्मान काढलं. राज्यकर्त्यांना भाषा नकोशी झाली, पण पुराण हस्तलिखितांतून आणि गळ्यांतून टिकलं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिकांमध्येही ते वाचलं-गायलं जाई. १९०७ मध्ये मंगळूरलाच जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची रोमन लिपीतली आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत मराठी वाचकांपुढे ठेवलं. छापखाना, फर्मान आणि पाद्री या तिघांच्याही आधाराशिवाय ते मधली अडीचशे वर्षं जगलं. ज्यांनी ते मागितलं होतं, त्यांच्या वंशजांनीच ते सांभाळलं.

इथे एक घाई टाळायला हवी. आपलं म्हणजे देशी आणि परकं म्हणजे पाश्चात्त्य, असं सरळ गणित मांडलं तर गोव्यातली दुसरी एक परंपरा हातातून निसटते. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. शिकवणारा मेस्त हाच चर्चचा गायनप्रमुख असे. मिस्सेला आणि सणांना लागणारं संगीत तयार व्हावं एवढाच हेतू. त्यातून एक असा वादकवर्ग तयार झाला की विसाव्या शतकात मुंबईची हिंदी चित्रपटसृष्टी वाद्यवृंदाच्या शोधात निघाली, तेव्हा तिला तो आयता मिळाला. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या गायनप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईला आला, स्टुडिओंत व्हायोलिन वाजवू लागला आणि प्यारेलाल शर्मांसारख्या शिष्यांना त्याने शिकवलं. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ बच्चनच्या पात्राला मिळालेलं नाव प्यारेलालनी आपल्या गुरूला केलेलं वंदन आहे, हे चित्रपट पाहणाऱ्या लाखोंना तेव्हा माहीतही नव्हतं. लॅटिन मिस्सेसाठी शिकलेलं कौशल्य राग-तालात बांधलेल्या चालींना साथ करू लागलं. व्हायोलिन पाश्चात्त्य होतं, पण ते वाजवणारा आणि त्याचा वापर ठरवणारा गोंयकार होता.

अमेरिकन मिशनची गोष्ट वेगळी. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू झालं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, शब्दकोशांना हातभार लावला, छापखाने चालवले. उपासनेत मात्र त्यांनी न्यू इंग्लंडहून आणलेल्या चाली ठेवल्या आणि त्यांत मराठी शब्द बसवले. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ एका अंगाला आणि इंग्रजी चालीचे आघात दुसऱ्या अंगाला, अशी ओढाताण होई. गाणाऱ्यांना अर्थ कळे, पण गाणं कानाला आपलं वाटत नसे.

गाणारे कोण होते, हेही पाहायला हवं. अहमदनगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत मोठा भरणा महार आणि मांग समाजांतून आलेल्या माणसांचा होता. यांतल्या अनेकांच्या घरी वाद्य वाजवणं हे पिढीजात काम होतं. गावचं लग्न, गावची जत्रा, गावची मिरवणूक त्यांच्या वाजंत्रीशिवाय पुढे सरकत नसे, आणि त्याच गावात त्यांना देवळाच्या पायरीवर चढता येत नसे. ही माणसं नव्या मंदिरात आली तेव्हा तिथे त्यांना बाकावर बसायला जागा मिळाली. ती जागा मोठी होती, तिची किंमत कमी लेखता येणार नाही. पण तबला, झांजा आणि चिपळ्या बराच काळ दाराबाहेर राहिल्या, कारण त्यांना देवळाचा आणि तमाशाचा वास येतो अशी भीती होती.

ती भीती मोडली कीर्तनाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. पूर्वरंगात एखादं वचन आणि त्याचं निरूपण, उत्तररंगात दाविदाची, योसेफाची किंवा उधळ्या पुत्राची गोष्ट, मधूनमधून पदं, टाळ-मृदंगाची साथ. बाजारच्या दिवशी चौकात उभं राहून केलेल्या उपदेशाला जे ऐकणारे मिळत नसत, ते कीर्तनाला रात्री उशिरापर्यंत बसत. मिशनऱ्यांनी याची नोंद घेतली आणि हळूहळू विरोध मावळला. या कीर्तनाचं श्रेय पुष्कळदा मिशनच्या दूरदृष्टीला दिलं जातं. प्रत्यक्षात दूरदृष्टी कीर्तनकारांची आणि श्रोत्यांची होती. मिशनने पुढे परवानगी दिली इतकंच.

या वातावरणात १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा व्यासंगी, शीघ्रकवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि वाचता वाचता ते त्यात गुंतले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्याइतकंच महत्त्वाचं दुसरं एक विधान ते करत: आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो. मिशनच्या चौकटीत याला फार मोठा अर्थ होता. जुनं टाकून नवं घ्यायचं, ही धर्मांतराची रूढ कल्पना. टिळकांनी जुन्याला रस्ता म्हटलं. देहूच्या वाण्याने वाट बांधून ठेवली होती, असं म्हणणारा माणूस मग त्या वाटेवरचं गाणं कसं सोडेल?

टिळकांनी शेकडो गीतं लिहिली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाला बायबलच्या खालोखाल स्थान आहे आणि त्यातला मोठा वाटा टिळकांचा. 'अभंगांजली'त ख्रिस्त माउली होतो, सद्गुरू होतो, सखा होतो. विरहाची तळमळ, भेटीची आस, स्वतःच्या पामरपणाची कबुली ही सगळी वारकऱ्यांची शिदोरी तिथे येते. आणि इथेच त्यांच्या काळच्या काही धर्मपंडितांनी भुवया उंचावल्या. रूप घेताना आशयही मागच्या दाराने शिरतो, मग ख्रिस्ती श्रद्धेचं वेगळेपण उरतं कुठे? शंका फालतू नव्हती. अभंगाला स्वतःचं मत असतं. देव आणि भक्त यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नको, कर्मकांडाचं अवडंबर नको, हे तो शब्द न बदलताही सांगतो. टिळकांनी हे जाणून स्वीकारलं असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं. १९१७ चा दरबार हे या अभंगांचंच पुढचं पाऊल होतं. बाप्तिस्म्याची अट नसलेला भक्तमेळा हा वाळवंटातल्या वारकरी मेळ्याच्या जवळचा आहे.

आणखी एक साधी गोष्ट. ज्या मंडळीत बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती, तिथे जे गाता येतं तेवढंच धर्मज्ञान खऱ्या अर्थाने लोकांच्या मालकीचं असतं. पाळकाचं प्रवचन रविवारी संध्याकाळपर्यंत विरतं. जात्यावर, शेतात, आजाऱ्याच्या उशाशी पद आठवतं. खेड्यातल्या बाईची श्रद्धा कशी होती हे शोधायचं असेल, तर धर्मसिद्धान्तांची पुस्तकं उघडण्याऐवजी ती काय गुणगुणत होती ते पाहावं लागतं.

या बाईचं मन आतून दाखवणारं पुस्तक लक्ष्मीबाईंनी लिहिलं. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षं वेगळं राहून त्या परतल्या, तरी सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. ते राहुरीला गळून पडलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या दैनंदिन जगण्याचं एवढं प्रसन्न आणि निर्भीड चित्र दुसरीकडे सापडत नाही: दुष्काळातली पोरकी मुलं, घरी येऊन राहिलेला बालकवी ठोंबरे, हिशेबी मिशनरी, भोळा-रागीट-उदार नवरा आणि या सगळ्यांकडे हसून पाहणारी एक बाई. धर्मांतरावर लिहिणारे बहुतेकजण एका क्षणाचं वर्णन करतात. लक्ष्मीबाईंनी दाखवलं की धर्म बदलायला वर्षं लागतात आणि तो बऱ्याचदा स्वयंपाकघरात बदलतो. टिळकांनी आरंभलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेल्या या बाईने त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्ण केलं.

टिळकांच्याच काळात केडगावला पंडिता रमाबाई मालकीच्या प्रश्नाला हाताने भिडत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्या मुलींनी आणि बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली, पुस्तकं बांधली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि बायबल १९२४ मध्ये पूर्ण होऊन बाहेर आलं. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या बाईने खेडवळ बायकांना कळेल अशी भाषा निवडावी, यात तिच्या विद्वत्तेचा कस लागला. ज्या विधवांना आणि परित्यक्तांना घराने टाकलं, त्यांच्या हाताखालून धर्मग्रंथ छापून निघाला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही, पण त्यामागची कल्पना एका इंग्रज पाद्र्याने उचलली. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू नगर भागात काम करत होते. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. संघाचा आश्रम नंतर पुण्यात शिवाजीनगरला स्थिरावला. खादी, जमिनीवरची पंगत, शाकाहार, भारतीय आणि युरोपीय सदस्यांनी बरोबरीने राहणं हा तिथला रिवाज. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच आश्रमात. गांधीजींच्या ओढीने आणि मग आदिवासींच्या ओढीने ते चर्चपासून दूर गेले, तो भाग निराळा.

याच आश्रमाने एका चित्रकाराला आसरा दिला. आंजेलो द फोन्सेका १९०२ मध्ये गोव्यात सांत इस्तेव्ह बेटावर जन्मला. कलकत्त्याला जाऊन तो अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिकला आणि घरी परतला तो साडी नेसलेली, कुंकू लावलेली मरिया घेऊन. तलम जलरंग, मातकट छटा, आणि बाळ येशू इथल्याच कुठल्याही अंगणातल्या पोरासारखा. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातल्या कॅथलिक समाजाला हे रुचलं नाही. मरियेचा गोरा चेहरा आणि निळा झगा ज्यांनी लहानपणापासून वेदीवर पाहिला, त्यांना ही मरिया मोलकरणीसारखी वाटली असेल तर नवल नाही. फोन्सेका पुण्याला आला आणि १९६७ मध्ये मरेपर्यंत तिथेच चित्रं काढत राहिला. एका कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमाने सांभाळावं, हा त्या काळच्या मानाने मोठाच योग. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. ज्या भूमीने त्याला नाकारलं तिथेच अभ्यासक आता ती चित्रं पाहायला जातात.

फोन्सेकाशेजारी दुसरा एक गोंयकार उभा केला की चित्र पुरं होतं. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. त्याच्या 'क्रुसिफिक्शन'मधला ख्रिस्त काळाकुट्ट, काटेरी, दात विचकलेला आहे. १९५९ चं हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. बालपणी चर्चमध्ये पाहिलेले रक्तबंबाळ पुतळे आणि पाद्र्यांचा दरारा सोझाने आयुष्यभर रंगवला, कधी रागाने, कधी भारावून. फोन्सेकाने ख्रिस्ताला घरात आणलं, सोझाने त्याला वधस्तंभावरून उतरू दिलं नाही. चर्चने दोघांनाही आपल्या भिंती देऊ केल्या नाहीत. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणात कलेचा इतिहास शिकवला गेला असता, तर या दोघांपैकी एकाला तरी वेळेत ओळखलं गेलं असतं.

वसईत हवा वेगळी आहे. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलानंतर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि चर्चच्या घंटा मराठ्यांच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आजही प्रसिद्ध आहे. राज्य गेलं तरी वसईचा ख्रिस्ती शेतकरी आपल्या बागायतीत आणि आपल्या बोलीत राहिला. सामवेदी, वाडवळी या बोली, लाल लुगडी, लग्नातलं उंबराचं पाणी, हे सगळं धर्मग्रामाच्या घंटेखालीच चालत आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेचा मार्ग मोकळा केला आणि मिस्सा मराठीत होऊ लागली. लॅटिन गेलं तेव्हा गाण्यांची गरज पडली, लेखकांची पडली, नियतकालिकाची पडली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं आणि ते धर्मग्रामाच्या कुंपणाबाहेर नेलं. वसईतलं पाणी आणि हिरवळ वाचवण्यासाठी हरित वसईच्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले. धमक्याही आल्या. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्याच मातीतले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो तुकारामांचा ईश्वरानुभव. टिळकांचा पूल कॅथलिकांनीही वापरात ठेवला होता.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर दिब्रिटो. निवड जाहीर होताच काही संघटनांनी आक्षेप घेतला की धर्मगुरूला हे पद कसं? मराठी वाङ्मयात संतांची आणि पंडितांची परंपरा सांगणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा, यात गंमत होती. संमेलन पार पडलं.

आता या सगळ्या कौतुकाला एक धारदार हरकत आहे आणि ती चर्चच्या आतूनच आली आहे. पुराण, कीर्तन, आश्रम, खादी, कुंकू लावलेली मरिया यांतली संस्कृती कोणाची? टिळक ब्राह्मण, रमाबाई ब्राह्मण, फोन्सेका संपन्न घरातला. मंडळीत बहुसंख्येने बसलेल्या माणसांचे पूर्वज ज्या हिंदू जगाच्या वेशीबाहेर ठेवले गेले, त्याच जगाची प्रतीकं भारतीय म्हणून त्यांच्या उपासनेत परत आली. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या बाजूने ईशज्ञान मांडायला हवं असं सांगितलं. त्यातून दलित ईशज्ञानाचा प्रवाह सुरू झाला आणि हा प्रश्न टाळता येईनासा झाला. बाहेरच्या जगाने तर हिशेब केव्हाच केला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्म बदलला तरी गावाने जात पुसली नाही, आणि सरकारने मात्र पुसली असं धरलं.

या हरकतीला उत्तर देताना टिळकांचा बचाव करत बसण्यात अर्थ नाही. ओवी आणि अभंग केवळ उच्चवर्णीयांचे नाहीत, चोखोबा आणि जनाबाई तिथे आहेतच, हे खरं. पण नगर-जालन्याकडच्या भजनी मंडळींनी टिळकांची पदं घेतली तेव्हा ती होती तशी ठेवली नाहीत. ठेका बदलला, लय चढवली, ढोलकी आणली. छापील संग्रहात पद एक असतं आणि दोन तालुक्यांत ते दोन चालींवर गायलं जातं. पुस्तक कवीच्या नावावर असलं तरी रविवारी पद ज्याच्या तोंडी आहे, त्याचं होतं. हलगीला वेदीजवळ जागा द्यायची की नाही, हा वाद मात्र अजून पुष्कळ ठिकाणी उघडपणे झालेलाच नाही. हरेगावला सप्टेंबरात मतमाउली मरियेच्या यात्रेला लोक लोटतात. तिथे रस्त्यावर जे वाजतं आणि आत उपासनेत जे वाजतं, त्यांतलं अंतर मोजलं तरी या वादाचा आकार कळेल.

आजच्या पाळकापुढे प्रश्न नव्या वेषात आला आहे. शहरातल्या तरुण मंडळ्यांत कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावर झळकणारी हिंदी-इंग्रजी कोरस गीतं आहेत. जुने सभासद नाराज आहेत, मुलं खूश आहेत. माजोर्ड्याच्या मेस्तने व्हायोलिन शिकवलं तेव्हाही असंच काही झालं असेल. वाद्य कुठलं, यावर भांडण्यात फार हाती लागत नाही. गाणी निवडतं कोण, नवं पद लिहिणाऱ्याला मंडळी उभं करते का, तबला वाजवणाऱ्याला वार्षिक अंदाजपत्रकात काही तरतूद आहे का, की रंगकामाला हजारो रुपये आणि गायनाला आभार, हे विचारायला हवं. टिळकांनी पगार सोडला तो स्वतःचा. मंडळीने आपल्या कलावंतांना फुकट राबवावं असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

करण्यासारखं एक काम तातडीचं आहे. गावोगावच्या भजनी मंडळींकडे हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, आणि त्या वह्यांतल्या पदांच्या चाली ज्यांना येतात ती माणसं आता थकली आहेत. धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी नगर, जालना, वसई, मिरज या भागांत पाठवावं. पद कोणी लिहिलं, चाल कोणी बांधली, कुठल्या वाद्यावर आणि कुठल्या प्रसंगी ते गायलं जातं, हे ध्वनिमुद्रणासह नोंदवून घ्यावं. कीर्तनकारांची आख्यानं पूर्ण उतरवून घ्यावीत, पूर्वरंगासकट. आणि ही नोंद करताना संग्रहाच्या पहिल्या पानावर संपादकाच्या नावाआधी गाणाऱ्यांची नावं, त्यांच्या गावांसह, छापावीत.